काकांची सिस्टीम

“काम अगदी किरकोळ आहे. दोन ओळींचा प्रोग्राम.”

फोनवर हे वाक्य ऐकलं की पलीकडच्या माणसाचं वय, त्याची पेन्शन आणि डीमॅट खात्यातली उरलेली रक्कम मी साधारण सांगू शकतो. गेली नऊ वर्षं मी घरी बसून लोकांना प्रोग्राम लिहून देतो. लग्नाच्या बायोडेटात याला ‘स्वतःचा व्यवसाय’ म्हणतात आणि मुलीकडचे तेच ‘सध्या घरीच असतो’ असं वाचतात. दवाखान्याची बिलं, क्लासची हजेरी, मंगल कार्यालयाचं बुकिंग अशी माणसांत मोडणारी कामं माझ्याकडे असतात. आणि वर्षातून दोन-तीनदा सिस्टीमवाला येतो.

सिस्टीमवाल्याला शेअरबाजारात हमखास चालणारी पद्धत सापडलेली असते. डोकं बरोबर सांगतं, पण ऐन वेळी हात भलतंच करतो, एवढीच त्याची तक्रार. म्हणून हात काढून तिथे यंत्र बसवायचं. बाजारावर नजर ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४मध्ये आकडे काढले होते. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या एक कोटीहून अधिक किरकोळ लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात. हे मी प्रत्येक सिस्टीमवाल्याला आधीच सांगतो आणि प्रत्येक जण मान डोलावून म्हणतो, “बरोबर आहे, लोक अभ्यासच करत नाहीत.” आजवर माझ्याकडे आलेले सगळेच्या सगळे उरलेल्या सात टक्क्यांतले होते. ९३ टक्के कुठे जातात, मला माहीत नाही. ते बहुधा प्रोग्राम करून घेत नसावेत.

तर काका. सहकारनगरातला पहिला मजला, जिन्यात सायकल, दारावर ‘निवृत्त उपअभियंता, जलसंपदा विभाग’ अशी पितळी पाटी. नावापेक्षा हुद्द्याची अक्षरं मोठी. २०२५चे गणपती नुकतेच उठले होते. काकूंनी दार उघडलं आणि माझ्या हातातला लॅपटॉप पाहून आत वळून म्हणाल्या, “अहो, चौथा आला.”

“आधीचे तिघे?” मी विचारलं.

“एक बंगळूरला गेला, एकाचं लग्न ठरलं, आणि एक फोन उचलत नाही,” काका आतून म्हणाले. “ये, बस. चप्पल आत काढलीस तरी चालेल, बाहेर कुत्रं येतं.”

बसल्यावर काकांनी पहिल्यांदा काय केलं असेल, तर स्टॅम्पपेपर पुढे सरकवला. सिस्टीम दाखवण्याआधी गुप्ततेचा करार. “पूर्वी शंभराचा चालायचा. सरकारने २०२४च्या दिवाळीआधी पाचशे केला. हा खर्च निम्मा-निम्मा.” करारात लिहिलं होतं की सदरहू पद्धत मी स्वतः, माझी पत्नी, मुलं, सासरची माणसं किंवा नोकर यांच्यामार्फत वापरणार नाही. यांतलं एकही माणूस माझ्याकडे नाही, हे मी सांगितलं. “पुढे होतील,” काका म्हणाले. मी सही केली.

मग कपाटातून सिस्टीम निघाली. ती लेव्हल बुकात होती. सर्व्हेला जाताना खिशात टाकतात ती उभी, पुठ्ठ्याची वही, आतल्या रकान्यांत एके काळी कालव्याच्या उंचीचे आकडे भरायचे. काकांनी अशा अकरा वह्या बाजाराने भरल्या होत्या. परीक्षेत शेजाऱ्यापासून झाकतात तसा डावा तळवा पानावर ठेवून त्यांनी पहिला नियम एक-एक शब्द उघडत दाखवला. सुपरट्रेंडची रेघ हिरवी झाली आणि आरएसआय साठच्या वर गेला की निफ्टीचा कॉल, म्हणजे भाव चढेल यावर लावलेला ऑप्शन, घ्यायचा.

हे गुपित मला ठाऊक होतं. पुण्यात ते कोणाला ठाऊक नाही असं नाही, कुठल्याही चार्टच्या ॲपमध्ये दोन टिचक्यांत येतं. पण काकांना ते सांगायची मला सोय नव्हती, कारण याआधी तीन गृहस्थांनी हेच गुपित मला सांगून ते कुणालाही न सांगण्याबद्दल माझ्या सह्या घेतलेल्या आहेत. सध्या मी एकच गुपित चार स्टॅम्पपेपरांवर सांभाळतो आहे.

“आरएसआय कुणी काढला ठाऊक आहे?” काकांनी विचारलं. “वेल्स वायल्डर. १९७८चं पुस्तक. मेकॅनिकल इंजिनियर होता तो.” सिव्हिल असता तर आणखी बरं झालं असतं, असा एक उसासा त्यामागे होता.

काकांचा बाजार पाण्याने भरलेला होता. भाव अडतो ती जागा त्यांच्या लेखी ‘बांध’. ती ओलांडून उसळला की ‘भरावाला भगदाड’. दिवसभराची उलाढाल म्हणजे ‘डिस्चार्ज’. मोठ्या पडझडीला ‘पानशेत’. पानशेतचं धरण फुटलं त्या १२ जुलै १९६१ला काका तीन वर्षांचे होते आणि त्यांना काही आठवत नाही, पण मार्च २०२०मध्ये एका दिवसात निफ्टी तेरा टक्के कोसळला तेव्हा आपल्याला लहानपणीचा तो आवाज आठवला, असं ते सांगतात. आणि स्टॉपलॉस म्हणजे सांडवा. हा त्यांचा लाडका विषय. “सांडव्याशिवाय धरण बांधणारा माणूस इंजिनियर नव्हे, खुनी आहे. पाणी एका पातळीवर गेलं की आपोआप बाहेर पडलं पाहिजे. तिथे कुणाची परवानगी नको, फोन नको, मंत्री नको.” ऑप्शनमध्ये एनएसईने २०२१पासून बाजारभावाचा स्टॉपलॉस बंद केला, त्यामुळे आता ट्रिगर आणि किंमत असे दोन आकडे द्यावे लागतात, हे मी जरा भीतभीतच सांगितलं. काकांचा चेहरा उजळला. “म्हणजे पूर्ण संचय पातळी आणि उच्चतम पूर पातळी! असंच पाहिजे.” आधीच्या तिघांना हे सांगूनही कळलं नव्हतं म्हणे.

इथवर मला काका आवडायला लागले होते. मग आम्ही नियम लिहायला बसलो.

यंत्राला काम सांगणं म्हणजे अतिशय मंद आणि अतिशय प्रामाणिक नोकराला काम सांगणं. “दूध उतू जायच्या आत गॅस बंद कर” म्हटलं तर तो विचारतो, आत म्हणजे किती आत? मी त्या नोकराच्या वतीने विचारत होतो.

“साठच्या वर म्हणजे ६०.०१ चालेल?”

“हो, वर म्हणजे वर.”

“५९.९९?”

“तेव्हा जरा बघायचं.”

“काय बघायचं?”

“बाजाराचा मूड.”

“मूड कशावरून ठरवायचा?”

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की एक क्षण मला वाटलं, हा मुलगा बहुधा कधी बाजारात गेलाच नसावा, असं ते मनात लिहून घेत आहेत. “अरे, सकाळी गिफ्ट निफ्टी बघायचा, अमेरिकेत रात्री काय झालं ते बघायचं, पेपर वाचायचा. पंधरा-वीस मिनिटं पडद्याकडे पाहिलं की कळतं.”

“यंत्राला कसं कळणार?”

“ते तू बघ. त्यासाठीच तर तुला बोलावलंय.”

सतरा नियम होते. संध्याकाळी सातपर्यंत आम्ही नऊ उरकले, आणि त्यांतले सहा ‘पण’वर येऊन थांबले. घ्यायचं, पण शुक्रवार असेल तर नाही. शुक्रवारी नाही, पण गुरुवारी भाव पडलेला असेल तर हरकत नाही. गॅप लागली तर पंधरा मिनिटं थांबायचं, पण गॅप चांगली असेल तर थांबायचं नाही. चांगली गॅप म्हणजे? इथे काकूंनी पोहे आणले. त्या म्हणाल्या, “मागचा मुलगाही इथंच अडला होता.”

मागच्या मुलाचा कोड मी नंतर उघडून पाहिला. काकांनी तो पेनड्राइव्हवर जपला होता, ‘फायनल-फायनल-३’ या नावाने. “नव्याने कशाला लिहितोस, यातलंच घे, माती तयारच आहे.” मी त्यांना नाइट कॅपिटलची गोष्ट सांगितली. १ ऑगस्ट २०१२, अमेरिकेतली मोठी पेढी, आठांपैकी एका सर्व्हरवर नवा प्रोग्राम चढवायचा राहिला, तिथला जुना मेलेला कोड जागा झाला आणि पाऊण तासात ४४ कोटी डॉलर गेले. काका गंभीर झाले. थोडा वेळ विचार करून म्हणाले, “ठेकेदार कोण होता?”

त्या कोडात एक जागा मात्र मी विसरू शकत नाही. सगळे नियम तपासून झाल्यावर शेवटी एक फंक्शन होतं, नाव ‘काका म्हणतील तसं’. आत एकही ओळ नव्हती. तो मुलगा बंगळूरला गेलेला, की लग्न ठरलेला, की फोन न उचलणारा, ते कळलं नाही.

सतरा नियमांपैकी विनाशंका, विनावाद यंत्रात उतरलेला नियम एकच होता. क्रमांक चौदा. अमावास्येला नवा सौदा करायचा नाही. तिथी काढायचं गणित पक्कं आहे, तयार मिळतं. फक्त अमावास्या बाजार चालू असताना लागली तर ती सूर्योदयाची धरायची की त्या क्षणाची, असा प्रश्न मी उगीच काढला. काकांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वयंपाकघराकडे पाहून तांत्रिक सल्ला मागितला. “सूर्योदयाची,” काकू आतून म्हणाल्या. झालं. ‘पण’ नाही, ‘बघून’ नाही. त्या बाईंनी सगळ्या सिस्टीमचा आराखडा दिला असता तर काम चार दिवसांत संपलं असतं.

गुरुवारच्या नियमांचा एक वेगळा वांदा. काकांची अकरा वह्यांची साधना गुरुवारवर उभी होती, कारण निफ्टीची साप्ताहिक एक्स्पायरी, म्हणजे ऑप्शनची मुदत संपायचा दिवस, वर्षानुवर्षं गुरुवारी. त्याआधी ते बँक निफ्टीचे साधक होते, पण त्याची साप्ताहिक एक्स्पायरी नोव्हेंबर २०२४मध्ये बंदच झाली. “सेबीने माझी एक सिस्टीम पाडली,” असं ते अतिक्रमणवाल्यांबद्दल बोलावं तसं बोलायचे. आणि आता सप्टेंबर २०२५पासून निफ्टीचा गुरुवारही गेला, मंगळवार आला. तीन वह्यांत ‘गुरु.’ खोडून ‘मंगळ.’ करण्यात काकांचा एक आठवडा गेला. “गुरुवारी माझा दत्ताचा उपास असायचा, डोकं हलकं असायचं,” ते जरा खिन्नपणे म्हणाले. मग स्वतःच सावरले. “मंगळवार गणपतीचा. हरकत नाही.”

पैशांचं बोलणं मी मुद्दाम लांबवत होतो. या व्यवसायात दर पाचातले चार सिस्टीमवाले म्हणतात, फी कशाला, तुला फायद्यात दहा टक्के देतो, बसल्या जागी कोट्यधीश होशील. मग मी विचारतो, तोट्यातही दहा टक्के माझे का? तिथे बोलणं थांबतं. काका त्यातले निघाले नाहीत, हे त्यांच्या बाजूने सांगितलं पाहिजे. ते सरकारी नोकरीतले होते. त्यांनी चाळीस हजारांचं इस्टिमेट मंजूर केलं, मेजरमेंट बुक उघडलं आणि पुढचे अडीच महिने मला ठेकेदारासारखं वागवलं. दर शनिवारी कामाचं मोजमाप. किती नियम बसवले, कोणते बसवले, शेरा. रनिंग बिलातून पाच टक्के सुरक्षा ठेव कापायची, ती काम पूर्ण झाल्यावर परत.

“काम पूर्ण म्हणजे कधी?” मी विचारलं.

“एक पावसाळा काढला पाहिजे. गळती आहे की नाही, ते त्याशिवाय कळत नाही.”

एखादा नियम वाढवून सांगितला की मी ‘एक्स्ट्रा आयटम’ म्हणायचो आणि काका लगेच नरम व्हायचे. दोघांनाही तो शब्द कळत होता.

मग आली बॅकटेस्ट. हे शास्त्र असं की आपली पद्धत गेल्या काही वर्षांत वापरली असती तर काय झालं असतं, ते यंत्राने जुन्या भावांवर चालवून दाखवायचं. म्हणजे झालेल्या युद्धात आपण कसे जिंकलो असतो, ते सांगणारा सेवानिवृत्त सुभेदार. पहिला आलेख पाहून काका उभेच राहिले. रेघ डावीकडून उजवीकडे पर्वतीच्या पायऱ्यांसारखी चढत होती. काकूंना हाक गेली. शेजारच्या बिऱ्हाडातल्या डॉक्टरांनाही बोलवावं का, यावर क्षणभर विचार झाला आणि करारातली गुप्तता आठवून तो बेत रद्द झाला.

मी सांगितलं, अजून खर्च धरलेला नाही. दलाली, तिच्यावर १८ टक्के जीएसटी, एक्स्चेंजची फी, स्टॅम्प ड्युटी, आणि एसटीटी, म्हणजे सौद्यावरचा कर, जो ऑप्शन विकताना १ ऑक्टोबर २०२४पासून प्रीमियमच्या ०.१ टक्का झाला. शिवाय आपण बोट ठेवतो त्या भावात माल मिळत नाही, दोन-चार आणे इकडे-तिकडे होतात. ते सगळं घातलं. पर्वतीची टेकडी कर्वे रस्त्याइतकी सपाट झाली.

“तो खर्च नंतर धरू,” काका म्हणाले. “इस्टिमेट आधी नेटकं दिसू दे.”

त्यानंतरचे दोन शनिवार मी कधीही विसरणार नाही. सुपरट्रेंडचे आकडे दहा आणि तीन असतात, ते आम्ही अकरा आणि २.७ केले. रेघ जरा उठली. मग १३ आणि २.४. मग आरएसआय साठऐवजी ५८. रेघ आणखी उठली. तरी मधेच एक खड्डा राहत होता. ४ जून २०२४.

“निवडणुकीचा निकाल होता तो,” काका म्हणाले. “निफ्टी सहा टक्के पडला. असा दिवस पाच वर्षांतून एकदा. तो धरू नकोस.”

मी काढला. मग मार्च २०२० दिसायला लागला. “कोविड. तो काही बाजार नव्हे, ती आपत्ती. काढ.” २४ फेब्रुवारी २०२१. “त्या दिवशी एनएसईच बंद पडलं होतं, पावणेबारापासून पावणेचारपर्यंत. आपला काय दोष? काढ.” त्यानंतर बजेटचे दिवस गेले, मग आदल्या दिवशी काकांना ताप होता असा एक दिवस गेला. (यंत्राला ताप येत नाही, हे मी म्हणालो. “त्या दिवशी सिस्टीमची वही मी लिहिलीच नव्हती, म्हणजे नोंद ग्राह्य नाही.”) संध्याकाळपर्यंत आमच्याकडे सहा वर्षांचा असा एक बाजार तयार झाला ज्यात काहीही वाईट घडलेलं नव्हतं. त्यात काका प्रचंड श्रीमंत होते.

सेबीचं फेब्रुवारी २०२५चं परिपत्रकही काकांनी प्रिंट काढून, महत्त्वाच्या ओळी पिवळ्या करून ठेवलं होतं. किरकोळ माणसाने यंत्राकडून सौदे करायचे असतील तर इंटरनेटचा पत्ता ठरलेला हवा आणि ठरलेल्या मर्यादेपेक्षा, म्हणजे एक्स्चेंजने नंतर ठरवल्याप्रमाणे सेकंदाला दहापेक्षा, जास्त ऑर्डरी जाणार असतील तर एक्स्चेंजकडे वेगळी नोंदणी हवी.

“सेकंदाला दहा?” मी म्हटलं. “काका, आपली सिस्टीम दिवसाला दोन टाकते.”

“आज दोन. पुढचं कोणी पाहिलंय? वाढीव मागणी गृहीत धरून कालवा खणायचा असतो.”

यंत्र घरात हवं, देवघराशेजारी, ही त्यांची मागणी मात्र मी मानली नाही. गुरुवारी महावितरण दुरुस्तीला वीज घालवतं, आणि मंगळवारी घालवणार नाही याची हमी काय? त्यामुळे प्रोग्राम भाड्याच्या सर्व्हरवर गेला. काका हिरमुसले. “म्हणजे तो कुठे असतो?” मुंबईला. “दिसणार नाही?” नाही. शेवटी त्यांच्यासाठी मी एक पडदा बनवला, काळ्या पाटीवर एक हिरवा दिवा, चालू असेल तोवर लुकलुकणारा. त्या दिव्याला दुसरं काही काम नव्हतं. सगळ्या प्रोग्राममध्ये काकांना मनापासून आवडलेला भाग तोच.

पहिली चाचणी लक्ष्मीपूजनाला ठरली. २१ ऑक्टोबर २०२५, मुहूर्ताचा तास या वेळी दुपारी, पावणेदोन ते पावणेतीन. काका सोवळं नेसूनच बसले होते. लॅपटॉपला हळदीकुंकू, चार्जरला झेंडूचं फूल. पावणेदोन वाजले. दिवा लुकलुकत होता. दोन. सव्वादोन. निफ्टी हलत होता, यंत्र गप्प.

“नेट गेलं का?”

नव्हतं गेलं. मी नोंदवही उघडली. दर मिनिटाला एकच ओळ, साठ वेळा यायची तयारी असलेली. ‘आज अमावास्या. नियम १४. नवा सौदा नाही.’

लक्ष्मीपूजन अमावास्येलाच असतं, हे महाराष्ट्रातल्या कुणाला माहीत नाही? मला माहीत होतं, काकांना होतं, काकूंना तर होतंच. यंत्रालाही होतं. पण आम्हा तिघांपैकी कुणीही ते त्याच्या तोंडून ऐकायच्या तयारीत नव्हतं. काकांनी वही उघडली आणि चौदाव्या नियमापुढे आयुष्यात पहिल्यांदा ‘पण’ लिहिलं.

नोव्हेंबरात यंत्र खऱ्या पैशावर चालू झालं. ‘हात लावायचा नाही’ अशी अट काकांनीच मेजरमेंट बुकात लाल शाईने लिहून घेतली होती, आपली स्वतःची सही घालून. हात मोकळे झाले की ते सकाळी तळजाईला जाणार होते, दुपारी ज्ञानेश्वरी वाचणार होते. प्रत्यक्षात ते सव्वानऊपासून साडेतीनपर्यंत हिरव्या दिव्यासमोर हात मांडीखाली घेऊन बसायचे. हा वाक्प्रचार नाही. काकूंनी मला फोन करून सांगितलं, “अहो, ते खरंच हातांवर बसतात. जेवायला घास भरवावा लागेल अशाने.”

आणि मग तो मंगळवार. एक्स्पायरी. मी घरी दुसऱ्या एका गिऱ्हाइकाचं दवाखान्याचं बिल दुरुस्त करत होतो. यंत्राने साडेअकराला ८२ रुपयांना कॉलचा एक लॉट घेतला, ७५ नग, आणि ६०वर सांडवा ठेवला. सगळं नियमाप्रमाणे. भाव उतरायला लागला. ७८. ७५. ७१. एक चाळीसला काका ‘जरा तोंड धुऊन येतो’ म्हणून उठले, मोरीत गेले, दार लावलं आणि मोबाइलवरून तो लॉट ७१ला विकला. तोटा ८२५ रुपये. मग खरोखर तोंड धुतलं आणि येऊन पुन्हा हातांवर बसले.

यंत्राला हे कुणी सांगणार? त्याच्या हिशेबी माल खात्यातच होता. ‘माल खरंच आहे का’ हे दर मिनिटाला खात्याला विचारायची ओळ मी लिहिली नव्हती, ही चूक माझी, सोळा आणे माझी. मी लाल शाईवर विश्वास ठेवला होता. धरण रिकामं झालं होतं आणि सांडव्याची ऑर्डर तशीच उभी होती. दोन वाजून पाच मिनिटांनी भाव ६०ला आला, सांडवा उघडला आणि जवळ नसलेला माल विकून मोकळा झाला. म्हणजे काका आता उघडे विक्रेते. भाव चढला तर तोट्याला तळ नाही. खात्यात दोन लाखांवर मार्जिन अडकल्याचा मेसेज आला, तो काकांनी बँकेची जाहिरात समजून पुसला.

मी साडेतीनला पडदा उघडला आणि माझे हातपाय गार पडले. भाव कुठे आहे, हे बघायचा धीर होईना.

भाव शून्यावर होता. निफ्टी दुपारनंतर घसरला आणि कॉल कागद होऊन मेला. ६० रुपयांना विकलेल्या ७५ नगांचे साडेचार हजार काकांच्या खात्यात. मोरीतला तोटा वजा जाता, खर्चापूर्वी, निव्वळ ३,६७५ रुपये नफा. सिस्टीमच्या इतिहासातला सर्वांत मोठा दिवस.

मी धावत सहकारनगरात गेलो, सगळं कबूल केलं, सांडव्याचं उदाहरण देऊन समजावलं. काका शांतपणे ऐकत होते. मोरीचा भाग आला तेव्हा ते खिडकीबाहेर पाहू लागले आणि काकू त्यांच्याकडे. रात्री घरी येऊन मी विसरलेली ओळ लिहिली, दहा वेळा तपासली आणि चढवली. आता काकांनी हात लावला तर यंत्र सांडवा स्वतः काढून घेईल.

शनिवारी मोजमापाला गेलो. काकांनी मेजरमेंट बुक माझ्यापुढे ठेवलं. चष्मा कपाळावर होता, आवाज कार्यालयीन.

“तू मंगळवारी रात्री कामात बदल केलास?”

“हो काका. गळती बंद केली.”

“बुधवारपासून तीन दिवसांत तसा सौदा एकदाही झाला नाही.”

“होणारच नाही आता.”

“३,६७५,” काका म्हणाले आणि पान माझ्याकडे वळवलं. ठळक, सुरेख, सरकारी अक्षर. ‘चालू स्थितीतील उपयुक्त सांडवा ठेकेदाराने विनापरवाना बंद केला. सबब सुरक्षा ठेवीतून वसुली.’ खाली ‘वाचून कबूल’ आणि माझ्या सहीसाठी पेन्सिलने केलेली छोटी फुली.

सुरक्षा ठेव दोन हजार होती. उरलेले १,६७५ पुढच्या बिलातून.

“पेन आहे ना तुझ्याकडे?” काकांनी विचारलं. काकू पोह्यांवर खोबरं घालत होत्या.